ड्रायव्हरची काच खाली अडकली: भर पावसातली दुरुस्ती, खर्चासकट

१३ जुलै २०२५, रविवार. साताऱ्याहून पुण्याला परत येताना शिरवळच्या अलीकडे भाजलेली कणसं घ्यायला गाडी कडेला घेतली. माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली, पैसे दिले, कणसं आत घेतली आणि काच वर करायला बटण ओढलं. दारातून ‘कर्रर्र’ असा आवाज आला, काच चार बोटं वर आली, पुढच्या बाजूला तिरकी झाली आणि परत खाली बसली. पुन्हा ओढलं तर मोटर फिरल्याचा आवाज येतोय, पण काच जागची हलत नाही. बाहेर पाऊस, मागच्या सीटवर आई आणि पुणं अजून पन्नासेक किलोमीटर लांब.

गाडी २०१४ ची हॅचबॅक आहे, ७८ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण दहा-अकरा वर्षं झालेल्या कुठल्याही गाडीला हे दुखणं होऊ शकतं. घरी आल्यावर माहिती शोधली तेव्हा एक तर परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ सापडले, नाहीतर ‘सर्व्हिस सेंटरला दाखवा’ हा सल्ला. आपल्याकडे हे काम कसं होतं, कोण काय सांगतं आणि पैसे कुठे जातात, हे कुणी सलग लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे सगळं तपशिलात.

आधी रस्त्यावर काय केलं ते सांगतो. मोटरचा आवाज येतोय आणि काच हलत नाही, म्हणजे वीज पोचतेय, पुढचं काहीतरी तुटलंय, एवढा अंदाज आला. मी बाहेर उतरलो. काचेच्या आतून एक आणि बाहेरून एक असे दोन्ही तळहात दाबून काच वर ओढायची आणि त्याच वेळी बायकोनं आतून बटण वरच्या बाजूला ओढून धरायचं, असं ठरलं. काच ओली असल्यानं हात सटकत होते. ‘‘अरे, आधी पूस तरी ती,’’ बायको म्हणाली. आईच्या पिशवीतला पंचा घेऊन काच दोन्हीकडून कोरडी केली, मग पकड आली. काच हळूहळू वर आली, पण सोडली की घसरायची. शेवटी कणसांबरोबर आलेला पुठ्ठ्याचा तुकडा घडी घालून बाहेरच्या रबरी पट्टीत, काच आणि पत्र्याच्या मधे, घट्ट खोचला. काच तिथेच थांबली. वरून बोटभर फट राहिली, ती राहू दिली.

गाडीत चिकटपट्टी असेल तर काचेच्या वरच्या कडेवरून दाराच्या चौकटीवर दोन आडव्या पट्ट्या मारता येतात, पण काच आणि चौकट कोरडी हवी. आणि एकदा अशी काच बसवली की त्या बाजूचं दार हळू लावायचं आणि बटणाला अजिबात हात लावायचा नाही. सवयीनं बोट तिकडे जातंच. बायकोनं बटणावर रुमाल टाकून ठेवला, तो पुढे आठवडाभर तिथेच होता.

घरी पोचल्यावर खरा प्रश्न रात्रीचा. आमच्या सोसायटीत पार्किंग उघड्यावर आहे. काळी कचऱ्याची पिशवी लावावी असं पहिल्यांदा मनात येतं, पण गाडी चालवायची असेल तर आरसा दिसत नाही, म्हणून पारदर्शक प्लास्टिक लागतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं, कडेला निळी फुलं असलेलं जाड प्लास्टिक कामी आलं. दार उघडून प्लास्टिकची वरची कड चौकटीच्या आत घेतली आणि दार लावलं, म्हणजे ती रबरात घट्ट दाबली जाते. खालची कड दाराच्या बाहेर मोकळी सोडली, पाणी त्यावरून ओघळून जातं. रंगाच्या पत्र्यावर खाकी टेप मारू नका. उन्हात तापली की गोंद राहतो आणि काढताना नाकीनऊ येतात. रंगकाम करणारे कागदी मास्किंग टेप वापरतात, ती चालते, पण पावसात ती रोज बदलावी लागते.

सोमवारी, १४ तारखेला, विमा कंपनीला फोन केला. माझी झिरो डेप पॉलिसी आहे, म्हणून थोडी आशा होती. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सर, अपघात झालाय का? काच फुटली आहे का?’’ दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की हा यांत्रिक बिघाड आहे, तो पॉलिसीत येत नाही. नंतर पॉलिसीचा कागद काढून पाहिला, तर झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड वगळल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. झिरो डेपनं फक्त सुट्या भागांच्या किमतीतली घसाऱ्याची वजावट वाचते, न मिळणारा क्लेम मिळत नाही. याउलट कुणी दगड मारून काच फोडली किंवा अपघातात दार चेपलं आणि त्यात काच वर-खाली करणारी मशीन गेली, तर तो क्लेम होतो. पण तेव्हाही हिशोब करून बघा, कारण एका क्लेमनं नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. दोन-चार हजारांच्या कामासाठी तो घालवणं परवडत नाही.

त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. पावसाळ्यात त्यांच्याकडे गर्दी असते, बुधवारची, १६ तारखेची वेळ मिळाली. सकाळी साडेनऊला गाडी लावली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं जॉब कार्ड बनवलं, किलोमीटर टिपले, पेट्रोलचा काटा टिपला, गाडीवरच्या ओरखड्यांचे फोटो काढले आणि तक्रारीच्या रकान्यात ‘काच काम करत नाही’ एवढंच लिहिलं. मी त्याला पूर्ण लक्षण लिहायला सांगितलं: ड्रायव्हर बाजू, मोटरचा आवाज येतो, काच तिरकी होते, बाकी तिन्ही काचा याच बटणांवरून व्यवस्थित चालतात. तुम्हीही हे करा. जॉब कार्डवर जे लिहिलंय तेवढंच आतला मेकॅनिक वाचतो, तुम्ही काउंटरवर तोंडी काय बोललात ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुपारी फोन आला. एस्टिमेट असं होतं: विंडो रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा) मोटरसह पूर्ण असेंब्ली ४,८५० रुपये, क्लिपा आणि किरकोळ सामान ३२०, त्यावर २८ टक्के जीएसटी. मजुरी ९५०, त्यावर १८ टक्के. एकूण ७,७३९ रुपये. पार्ट स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल, पाच ते सात दिवस, आणि मागवण्याआधी पार्टचे पैसे भरायचे.

‘‘मोटर खराब आहे का?’’ मी विचारलं.

‘‘सर, आमच्याकडे असेंब्लीच येते.’’

‘‘ते कळलं. पण मोटर तपासली का?’’

थोडा वेळ शांतता. मग, ‘‘मोटर चालू आहे सर, पण वेगळी मिळत नाही.’’

तो खोटं बोलत नव्हता. बऱ्याच गाड्यांचा हा भाग कंपनीकडून मोटरसकटच येतो, सुटा येत नाही, आणि सर्व्हिस सेंटरला कंपनीचाच माल लावावा लागतो. लावलेल्या पार्टवर ते वॉरंटीही देतात. ज्याला आठवडाभर थांबायला चालतं आणि धावपळ नको असते, त्यानं तिथेच करून घ्यावं. माझी अडचण दोन ठिकाणी होती: चालू मोटर फेकून नवीन घ्यायची, आणि तोवर रोज प्लास्टिक लावून ऑफिसला जायचं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि एस्टिमेटची छापील प्रत मागितली. तपासणीचे ३५४ रुपये भरले. ती प्रत मात्र जरूर घ्या, कारण तिच्यावर पार्ट नंबर असतो आणि बाजारात त्याच नंबरावर माल निघतो.

इथे थोडं थांबून आवाजाबद्दल लिहितो, कारण पुढची सगळी दिशा त्यावरून ठरते. बटण दाबल्यावर दारातून काहीच आवाज येत नसेल तर दोष विजेच्या बाजूला असतो: फ्यूज, बटण, वायर किंवा खुद्द मोटर. सगळ्याच काचा बंद पडल्या असतील तर आधी फ्यूज बघा. तो बहुतेक डॅशबोर्डखालच्या डब्यात असतो आणि झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो. वीस अँपिअरचा पिवळा, तिसाचा हिरवा. उडालेल्याच्या जागी जास्त अँपिअरचा लावू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळेल. फक्त प्रवाशांच्या काचा त्यांच्या बटणांवरून चालत नसतील तर ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण दाबलं गेलंय का ते पाहा. घरात लहान मुलं असली की हे हमखास होतं. एखादी काच कधी चालते कधी नाही, असं असेल तर दार हळूहळू उघडत-मिटत बटण दाबून बघा. मधेच काच हलली तर बिजागरीपाशी रबरी नळीतून दारात जाणारी वायर आतून तुटलेली असणार. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, तांब्याच्या तारा तिथेच तुटतात. आणि बटण दाबून धरून डोअर पॅडवर, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणावर, मुठीनं हलका ठोसा मारल्यावर काच चालू झाली, तर मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत असं समजा. तो ठोसा दोन-चार दिवस चालतो, मग तोही चालत नाही.

माझ्यासारखा मोटर फिरल्याचा आवाज आणि काच ठप्प, हा मात्र मोटरच्या पुढचा दोष. मोटर आणि काच यांच्यामधे जी यंत्रणा असते तिला कागदोपत्री रेग्युलेटर म्हणतात, बाजारात ‘काचेची मशीन’. काही गाड्यांत ती कात्रीसारख्या पट्ट्यांची असते. माझ्या गाडीत केबलची आहे: एक उभी लोखंडी पट्टी, वर-खाली दोन छोट्या पुल्या, त्यावरून फिरणारी पोलादी केबल, केबलला जोडलेला प्लास्टिकचा तुकडा आणि त्या तुकड्यावर काच. मोटर एक ड्रम फिरवते, ड्रम केबल गुंडाळतो, काच चढते.

गुरुवारी, १७ तारखेला, ऑफिसमधून लवकर निघून नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेला पर्याय नाही. चारचाकी घेऊन मात्र जाऊ नका, उभी करायला जागा मिळत नाही. मी स्कूटरवर गेलो. पहिल्या दुकानात पार्ट नंबरचा कागद पुढे केला. काउंटरवरच्या माणसानं तो वाचून बाजूला ठेवला. ‘‘जुना पीस आणलाय का साहेब?’’ नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘‘मग काढून आणा. एकाच गाडीत दोन प्रकार येतात. आणि इलेक्ट्रिकचं सामान एकदा नेलं की परत नाही.’’ पाटीही तशीच लावलेली होती. शेजारच्या दुकानातही हेच उत्तर. भाव तेवढे विचारून घेतले: कंपनीच्या खोक्यातली मोटरसकट असेंब्ली सर्व्हिस सेंटरपेक्षा थोडीशीच स्वस्त, दुसऱ्या चांगल्या उत्पादकाची विनामोटर मशीन साडेतेराशे, आणि एक साधी कॉपी साडेसहाशेला. कॉपीची पट्टी हातात घेतली तर पत्रा पातळ होता, नखानं दाबला की लवत होता.

म्हणजे आधी दार उघडायचं. सिंहगड रस्त्यावर, वडगावच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, साठीच्या आसपासचे. सोसायटीतले बरेच जण त्यांच्याकडे जातात. फोन केला तर म्हणाले, ‘‘पावसात दार खोलणार नाही. शनिवारी सकाळी या, शेडमधली जागा ठेवतो.’’ उघड्यावर, पावसात, घाईनं दार उघडणाऱ्यापेक्षा हे बरं. शुक्रवारी परत पाऊस, परत प्लास्टिक.

शनिवारी, १९ तारखेला, सकाळी दहाला गाडी शेडमध्ये लावली. इलेक्ट्रिशियन दादांनी सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. माझ्या गाडीत दारात एअरबॅगचं काही नाही, पण काही गाड्यांत दारात सेन्सर असतो, म्हणून हा नियम सगळ्यांना लावलेला बरा. मग हँडलच्या मागचं छोटं प्लास्टिकचं टोपण उचकटून आतला स्क्रू, दार ओढायच्या खोबणीतला स्क्रू, आणि खालच्या कडेपासून डोअर पॅडच्या क्लिपा एकेक. त्यासाठी ते लोखंडी पेचकस न वापरता प्लास्टिकची चपटी पट्टी वापरत होते. तरी पावसाळ्यातल्या जुन्या क्लिपांपैकी काही तुटल्याच. पॅड एकदम ओढायचा नाही, मागे बटणांच्या वायरींचा जोड (कपलर) आणि हँडलची तार अडकलेली असते.

पॅड निघाल्यावर आत पत्र्याला चिकटवलेलं प्लास्टिकचं शीट दिसतं. ते दादांनी पातळ पात्यानं काळ्या चिकट गोंदापासून सोडवत, न फाडता, अर्ध्यापर्यंत उलगडलं आणि वर टेपनं अडकवून ठेवलं. त्या शीटबद्दल पुढे सांगतो.

आत टॉर्च मारून पाहिलं. केबलच्या बारीक तारा झाडूच्या काड्यांसारख्या पिंजारून ड्रमभोवती गुंतल्या होत्या. खालची पुली एका बाजूला झिजून तिला खाच पडली होती, आणि काचेखालच्या प्लास्टिकच्या तुकड्याचे सरळ दोन भाग झाले होते. शिरवळला ऐकलेला ‘कर्रर्र’ तो हाच. तुटक्या केबलला उघड्या बोटांनी हात लावू देत नाहीत दादा, तारा सुईसारख्या घुसतात. काच वर ढकलून चौकटीला टेपनं बांधली, दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट सोडवले आणि सगळं धूड खालच्या मोठ्या भोकातून वाकडंतिकडं करत बाहेर काढलं.

मग मोटर सुटी करून बॅटरीला दोन वायरी लावल्या. फिरली. वायरी उलट लावल्या, उलटी फिरली. पॉवर विंडोचं बटण आतून एवढंच करत असतं, दिशा उलटवतं. आवाज एकसारखा होता, गरगर किंवा अडखळणं नाही. ‘‘मोटरला काही झालेलं नाही,’’ दादा म्हणाले. ‘‘गेल्या वर्षी एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाच्या गाड्या आल्या होत्या, त्यांच्या मोटरीत गाळ होता. ही तर कोरडी ठणठणीत आहे.’’ २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या सोसायट्यांत शिरलं होतं, त्याबद्दल दादा सांगत होते. ज्यांची गाडी दारापर्यंत बुडाली असेल त्यांच्यासाठी त्यांचा सल्ला असा की काच वर-खाली करून बघू नका, आधी पॅड काढून आत वाळू द्या.

उघडणं आणि तपासणी, ३०० रुपये. गाडी शेडमध्येच ठेवली, जुनी मशीन वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्कूटरवरून परत नाना पेठ. या वेळी काम झटक्यात झालं. दुकानदारानं जुनी आणि नवी मशीन काउंटरवर शेजारी ठेवल्या, बोल्टची भोकं जुळवली, ड्रममधले मोटर बसायचे दाते मोजले, आणि उजव्या-डाव्या बाजूची खूण दाखवली. ड्रायव्हर साइड म्हणजे आपल्याकडे उजवी, खोक्यावर ‘आरएच’ छापलेलं असतं. विनामोटर मशीन, १,३५० रुपये, जीएसटीच्या बिलासह. सहा महिन्यांत काही झालं तर बिल घेऊन या म्हणाला. सहा क्लिपा प्रत्येकी १५ रुपयांना घेतल्या, आणि शीट चिकटवायची काळी ब्युटाइल पट्टी १८० रुपयांना.

नव्या मशीनच्या ड्रमवर प्लास्टिकचं एक टोपण असतं. दुकानदारानं बजावून सांगितलं की मोटर बसेपर्यंत ते काढायचं नाही. काढलं तर ताणलेली केबल उसळून ड्रमवरून सुटते आणि नवीच मशीन तिथल्या तिथे निकामी होते.

रविवारी दादांची सुट्टी. सोमवारी, २१ तारखेला, संध्याकाळी बसवणं झालं. मशीन आत घालणं काढण्याइतकंच कटकटीचं असतं, पण बघण्यासारखा भाग त्यानंतरचा. काच मशीनवर टेकवून दादांनी तिचे दोन बोल्ट ढिलेच ठेवले, बॅटरी जोडली, काच बटणानं पूर्ण वर नेली, आणि ती चौकटीच्या रबरात आपसूक सरळ बसल्यावर मग बोल्ट आवळले. आधीच आवळले तर काच किंचित तिरकी राहते, एका कडेला घासते आणि नवीन मशीनवर जोर येतो. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे करून घेत असाल तर हे होतंय का, ते उभं राहून बघा.

काच वर गेली, पण शेवटच्या वितीला मंद व्हायची. दादांनी चौकटीतल्या रबरी खाचेत बोट घालून दाखवलं, बोटाला चिखलाची बारीक रेती लागली. त्यांच्या मते मूळ कारण ते होतं. रबर सुकून कडक होतं, त्यात धूळ बसते, काच घासत चढते, मोटर तशीच ओढत राहते आणि सगळ्यात कमजोर प्लास्टिक आधी जातं. प्लास्टिकच्या फूटपट्टीला ओलं फडकं गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसली. फडकं पहिल्या खेपेला काळं निघालं, पुढे पुढे राखाडी. कोरडं झाल्यावर सिलिकॉन स्प्रे मारला, २९० रुपयांचा डबा, अजून अर्धा शिल्लक आहे. इथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. त्यावर धूळ चिकटते आणि खनिज तेलानं रबर फुगतं. स्प्रेनंतर काच सरळ गेली. काचेवर थोडे डाग पडतात, ते पुसावे लागतात.

काच तपासताना इंजिन चालू ठेवा. नुसत्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास असतात, इंजिन चालू असताना चौदाच्या जवळ, आणि काचेचा वेग लगेच वाढलेला दिसतो. सारखी वर-खालीही करू नका. बऱ्याच मोटरींत गरम झाली की आपोआप बंद होण्याची सोय असते, ती थोडा वेळ गप्प बसते आणि आपला जीव उगाच टांगणीला लागतो. एका झटक्यात पूर्ण वर जाणारी, मधे हात आला तर थांबणारी काच असेल, तर बॅटरी काढल्यावर ती सोय विसरते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की ती परत शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. माझ्या गाडीत फक्त खाली जाताना ही सोय आहे, त्यामुळे काही करावं लागलं नाही.

आता ते शीट. दाराच्या बाहेरच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात जातंच, तशीच रचना असते. ते आतून ओघळून दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. शीटमुळे ते पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूलाच राहतं. शीट फाटलं किंवा नीट चिकटवलं नाही, तर पाणी पॅडमागून पायाखालच्या मॅटवर येतं, आणि महिन्याभरानं गाडीत कुबट वास येऊ लागला की माणूस एसीला दोष देत बसतो. बऱ्याच गॅरेजांत ‘काही होत नाही’ म्हणून शीट तसंच लोंबकळत ठेवतात. दादांनी जुना वाळलेला गोंद खरवडून नवी ब्युटाइल पट्टी फिरवली आणि कडा अंगठ्यानं दाबत गेले. त्याआधी मी तळाची भोकं दाखवायला सांगितलं. त्यातलं एक पूर्ण बुजलं होतं. प्लास्टिकचा केबल टाय आत घातला तर चहाच्या रंगाचं पाणी बराच वेळ टपटपत राहिलं. मग बादलीभर पाणी काचेवरून ओतून आत मॅटवर कोरडा टिश्यू ठेवला. टिश्यू कोरडा निघाला, तेव्हा पॅड लावला.

बसवण्याचे ५०० रुपये. म्हणजे उघडणं ३००, बसवणं ५००, मशीन १,३५०, क्लिपा ९०, पट्टी १८०, स्प्रे २९०, मिळून २,७१०. सर्व्हिस सेंटरचे तपासणीचे ३५४ धरले तर ३,०६४. स्कूटरचं पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची रजा यात नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: हे जुलैचे भाव आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे आता एस्टिमेट आलं तर त्यावर कर कुठल्या दरानं लावलाय ते जरूर बघा.

कागदाचं एक काम मात्र राहिलं होतं. सर्व्हिस सेंटरमधून ‘पार्ट मागवायचा का सर?’ असे फोन येत होते. काम बाहेर झालंय म्हटल्यावर फोन थांबले, पण त्यांच्या ॲपवर माझ्या गाडीचं जॉब कार्ड ‘प्रलंबित’च दिसत होतं. ते तसंच ठेवलं तर पुढच्या सर्व्हिसच्या वेळी तीच तक्रार उघडी दिसते आणि तेच एस्टिमेट पुन्हा पुढे येतं. ॲडव्हायझरला जॉब कार्डचा नंबर टाकून ईमेल केला, ग्राहकाच्या विनंतीवरून बंद करा म्हणून लिहिलं आणि तपासणीच्या पावतीचा फोटो जोडला. दोन दिवस उत्तर नाही, तिसऱ्या दिवशी ‘क्लोज्ड’चा मेसेज आला. नाना पेठेतलं बिल, ती पावती आणि मशीनच्या खोक्यावरचं लेबल गाडीच्या पुस्तकात घालून ठेवलंय. त्यानंतरच्या रविवारी बाकीच्या तीन दारांच्या खाचाही फूटपट्टीनं पुसून काढल्या, तर मागच्या डाव्या दारातून सगळ्यात जास्त रेती निघाली. ती काच तर आम्ही वर्षातून एकदासुद्धा उघडत नाही.